एका अभ्यासरजेचा जमाखर्च

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्याचा खर्च कोणी सोसावा आणि परत आल्यावर त्याने त्याची फेड कशी करावी, हा प्रश्न आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जापासून अभ्यासरजेच्या करारनाम्यापर्यंत पदोपदी उभा राहतो. रजा मंजूर करणारी संस्था हमीपत्र लिहून घेते, जामीनदार मागते, पदवी किती वर्षांत पदरात पडणार हे विचारते. यात गैर काही नाही. दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्याकडे हिशेब मागितलाच पाहिजे. तथापि हा हिशेब कोणत्या मापाने करावयाचा आणि किती वर्षांनी मिटवावयाचा, याचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने पाच शतकांपूर्वीच्या एका अभ्यासरजेचे कागद पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहेत. रजा घेणाऱ्याचे नाव निकोलस कोपर्निकस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादन करणारा ज्योतिर्विद म्हणून शाळकरी मुलेही त्याला ओळखतात. परंतु तो एका धार्मिक संस्थेचा सभासद होता, त्या संस्थेच्या उत्पन्नावर इटलीत वर्षानुवर्षे शिकत होता, आणि ज्या विषयासाठी रजा वाढवून घेतली त्या विषयाची पदवी न घेताच घरी परतला, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

विस्तुला नदीकाठच्या टोरुन या व्यापारी शहरात १९ फेब्रुवारी १४७३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील क्राकूवहून येऊन स्थायिक झालेले तांब्याचे व्यापारी. चार भावंडांत निकोलस सर्वांत धाकटा. तो दहा वर्षांचा असतानाच्या सुमारास वडील वारले आणि मुलांचा भार मामावर आला. हा मामा, लुकास वाट्झेनरोड, साधा आसामी नव्हता. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाची धर्मकायद्याची डॉक्टर ही पदवी त्याच्याकडे होती आणि १४८९ साली तो बाल्टिक समुद्राकाठच्या वार्मिया या प्रांताचा बिशप झाला. तेथील बिशप हा केवळ धर्मगुरू नसे. पोलंडच्या राजाचे छत्र मान्य करून तो प्रांताचा कारभार एखाद्या संस्थानिकासारखा पाहात असे. प्रांतातील दोनतृतीयांश जमीन बिशपच्या ताब्यात आणि एकतृतीयांश फ्रॉमबोर्क येथील कॅथेड्रलच्या सोळा कॅननांच्या मंडळाकडे, अशी वाटणी होती.

कॅनन हे पद आपल्याकडील वाचकाला समजावून द्यावयाचे तर वतनाची उपमा जवळची ठरेल. एकदा पद मिळाले की मंडळाच्या जमिनीच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा तहहयात चालू. मामाच्या मनात दोन्ही भाच्यांना, थोरल्या आंद्रेयासला आणि धाकट्या निकोलसला, ही वतने मिळवून द्यावयाची होती. १४९५ मध्ये एक जागा रिकामी झाली. पण ती नेमकी अशा महिन्यात की, त्या महिन्यातील नेमणुकीचा अधिकार पोपचा होता. तेव्हा तो प्रयत्न लांबणीवर पडला आणि १४९७ मध्ये निकोलस इटलीत असतानाच मुखत्याराकरवी ते पद त्याच्या नावे लागले. वशिल्याचे हे उघड उदाहरण आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मात्र वशिल्याने मिळालेल्या या जागेला एक अट जोडलेली होती. ज्या कॅननाजवळ पदवी नसेल त्याने किमान तीन वर्षे एखाद्या मान्य विद्यापीठात अभ्यास केला पाहिजे, असा मंडळाचा दंडक होता. म्हणजे अभ्यासरजा ही तेथे सवलत नव्हती, ती सेवेची शर्त होती.

निकोलसजवळ पदवी नव्हती. १४९१ पासून सुमारे चार वर्षे तो क्राकूवच्या विद्यापीठात होता. १३६४ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात गणित व ज्योतिष यांचे अध्यापन त्या काळी नावाजलेले होते आणि ग्रहगणिताची गोडी त्याला तेथेच लागली. पण पदवी न घेता तो निघाला. मामाने त्याला आपल्याच वाटेने, म्हणजे धर्मकायदा शिकण्यासाठी बोलोन्याला पाठविले. १४९६ च्या शरद ऋतूत तो आल्प्स ओलांडून गेला आणि जानेवारी १४९७ मध्ये बोलोन्यातील जर्मन विद्यार्थ्यांच्या संघात त्याचे नाव नोंदले गेले.

बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने मानले जाते. परंपरेने त्याचे स्थापनावर्ष १०८८ असे सांगतात, पण कोणी राजाने किंवा पोपने एके दिवशी त्याची कोनशिला बसविली असे झाले नाही. रोमन कायदा शिकविणारे पंडित त्या शहरात होते, त्यांच्याकडे शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी येत, आणि परक्या शहरात घरभाडे, कर्ज, मारामाऱ्या अशा बाबतींत स्वतःचे रक्षण व्हावे म्हणून या विद्यार्थ्यांनी प्रदेशवार संघ बांधले. आल्प्सच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे त्यांचे दोन मोठे गट पडले. हे संघ म्हणजेच विद्यापीठ. रेक्टर विद्यार्थ्यांतून निवडला जाई. तेराव्या-चौदाव्या शतकांत तर अध्यापकांवर विद्यार्थ्यांचा असा वचक होता की, तास उशिरा सुरू करणाऱ्या किंवा अवघड भाग गाळून पुढे जाणाऱ्या प्राध्यापकाला दंड भरावा लागे. आजच्या प्राध्यापकवर्गाला ही माहिती फारशी सुखावह वाटणार नाही! कोपर्निकस गेला तोवर हा अंमल बराच ओसरला होता. प्राध्यापकांचे वेतन शहराच्या तिजोरीतून निघू लागले होते आणि वेतनाबरोबर नियंत्रणही शहराकडे गेले होते. तरीही विद्यापीठाची स्वतःची अशी इमारत नव्हती. ती १५६३ मध्ये झाली. तोपर्यंत व्याख्याने प्राध्यापकांच्या घरी किंवा भाड्याच्या दालनांत चालत. विद्यार्थी आणि अध्यापक एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच छपराखाली राहात.

या शेवटच्या गोष्टीला कोपर्निकसच्या आयुष्यात मोठे महत्त्व आहे. कायदा शिकावयास आलेला हा तरुण डोमेनिको मारिया नोवारा या ज्योतिषाच्या प्राध्यापकाच्या सहवासात आला. येणाऱ्या वर्षाचे भविष्य वर्तविणारे पंचांगवजा पत्रक दरसाल काढणे हा नोवाराच्या नेमणुकीचाच भाग होता. पण त्याला प्रत्यक्ष वेध घेण्याची हौस होती आणि टॉलेमीच्या प्राचीन ग्रंथातील आकडे बिनचूक आहेत असे तो धरून चालत नसे. कोपर्निकस त्याचा शिष्य होता त्यापेक्षा त्याचा मदतनीस व वेधांचा साक्षीदार होता, असे कोपर्निकसच्या अखेरच्या वर्षांतील शिष्याने नोंदवून ठेवले आहे.

९ मार्च १४९७ च्या रात्री चंद्राने रोहिणी हा तारा झाकला. आपल्याकडे चंद्र आणि रोहिणी यांची जवळीक पुराणकथांतून घरोघर माहीत आहे. तेथे चोवीस वर्षांच्या कोपर्निकसने त्या पिधानाचा वेध घेतला तो एका वेगळ्याच हेतूने. टॉलेमीच्या चंद्रसिद्धान्तात एक विचित्र दोष होता. त्याने चंद्राची गती बरीच चांगली जुळवली होती. पण ती जुळवण्यासाठी जी वर्तुळे कल्पिली, त्यांच्यामुळे चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर इतके कमीजास्त व्हावयास हवे की, अष्टमीच्या सुमाराचा चंद्र केव्हा केव्हा पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसावा. असा चंद्र कोणी कधी पाहिलेला नाही. तेराशे वर्षे हा सिद्धान्त विद्यापीठांतून शिकविला जात होता आणि दर पंधरवड्याला आकाश त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते. तारा चंद्राआड जाण्याचा क्षण अचूक टिपला म्हणजे चंद्राच्या अंतराची परीक्षा करता येते. ही बोलोन्यातील नोंद कोपर्निकसने आयुष्यभर जपली आणि शेहेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पुरावा म्हणून वापरली.

हा दोष एकट्या नोवाराच्या किंवा कोपर्निकसच्या ध्यानात आला असे मात्र नव्हे. रेजिओमाँटेनस या जर्मन गणितज्ञाने पूर्ण केलेला टॉलेमीच्या ग्रंथाचा सार १४९६ साली, म्हणजे कोपर्निकस इटलीत उतरला त्याच वर्षी, व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात चंद्राच्या आकाराची ही अडचण स्पष्टपणे नोंदलेली होती. परदेशी विद्यापीठात जाण्याचा लाभ म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. व्याख्याने क्राकूवलाही चांगली होती. पण ताजे छापलेले पुस्तक, त्या पुस्तकाच्या विषयावर वाद घालणारा जाणता माणूस आणि त्याच्या घरावरून दिसणारे आकाश, हे तिन्ही एका ठिकाणी असणे ही गोष्ट दुर्मिळ. ती कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेली नव्हती आणि फ्रॉमबोर्कच्या मंडळाने त्यासाठी पैसेही दिलेले नव्हते.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगितली पाहिजे. १४९८ मध्ये आंद्रेयास बोलोन्यात दाखल झाला आणि पुढच्या वर्षी दोन्ही भाऊ कफल्लक झाले. घरून येणारी रक्कम पोचावयास महिने लागत आणि विद्यार्थ्यांचे खर्च काही महिने थांबत नसत. आंद्रेयासने तर रोमला जाऊन कोणाची तरी चाकरी पत्करण्याची भाषा सुरू केली. अखेर रोममधील मंडळाच्या प्रतिनिधीने मध्यस्थी करून त्यांच्यासाठी शंभर दुकातांचे कर्ज उभे केले आणि ते फेडण्याचे मामाच्या गळ्यात पडले. परदेशातील विद्यार्थ्याचे घरी जाणारे पत्र पाच शतकांपूर्वीही मुख्यतः याच विषयावर असे.

१५०० हे रोममधील महोत्सवाचे वर्ष होते. कोपर्निकस त्या वर्षी रोमला होता. तेथे त्याने गणितावर व्याख्याने दिली असे सांगतात, आणि ६ नोव्हेंबरचे चंद्रग्रहण त्याने तेथून पाहिले. पुढच्या उन्हाळ्यात दोघे भाऊ फ्रॉमबोर्कला परतले. बोलोन्यात साडेचार वर्षे गेली होती, मंडळाच्या शर्तीची तीन वर्षे केव्हाच उलटली होती, आणि निकोलसच्या हाती पदवी नव्हती.

जुलै १५०१ मध्ये मंडळाची सभा भरली. दोघांनीही रजा वाढवून मागितली. आजच्या एखाद्या नियामक मंडळापुढे असा अर्ज आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. फ्रॉमबोर्कच्या कॅननांनी आणखी दोन वर्षे मंजूर केली. निकोलसच्या बाबतीत त्यांनी कारणही नोंदवून ठेवले आहे. तो वैद्यक शिकणार होता आणि परत आल्यावर बिशपला व मंडळाच्या सभासदांना त्याचा वैद्य म्हणून उपयोग होणार होता. आंद्रेयासच्या बाबतीत तो अभ्यासाला लायक दिसतो, एवढ्यावर भागले. या ठरावात दूरदृष्टी शोधत बसण्यात अर्थ नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या त्या थंड गावात वयस्क धर्माधिकाऱ्यांना हाताशी एक चांगला वैद्य हवा होता, इतकाच तो व्यवहार. पण व्यवहार म्हणूनही तो चोख होता. गरज त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी स्पष्ट सांगितली आणि तिच्यासाठी माणूस दूर पाठविला.

निकोलस पादुआला गेला. १२२२ मध्ये बोलोन्यातून बाहेर पडलेल्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी वसविलेले हे विद्यापीठ पंधराव्या शतकापासून व्हेनिसच्या राज्यात होते आणि वैद्यकाच्या शिक्षणात युरोपात अग्रेसर गणले जात होते. वैद्यकाच्या पदवीला साधारण तीन वर्षे लागत. रजा दोनच वर्षांची. तेव्हा ती पदवी मिळणे हिशेबातच बसत नव्हते. मग ३१ मे १५०३ रोजी फेरारा या तिसऱ्याच विद्यापीठाने त्याला धर्मकायद्याचा डॉक्टर केले. ज्या विद्यापीठांत तो शिकला तेथे पदवी घेतली नाही आणि जेथे घेतली तेथे तो शिकला नव्हता. बोलोन्या किंवा पादुआ येथे पदवीदानाच्या वेळी परीक्षकांना, मित्रमंडळींना मेजवान्या व देणग्या द्याव्या लागत आणि तो खर्च टाळण्यासाठी ओळखीपाळखी नसलेल्या फेराराची निवड झाली असावी, असा इतिहासकारांचा तर्क आहे. शंभर दुकातांच्या कर्जाची आठवण ताजी असलेल्या माणसाने असे केले असेल तर नवल नाही.

१५०३ मध्ये तिसाव्या वर्षी तो वार्मियाला परतला आणि त्यानंतर इटलीला कधीही गेला नाही. त्या साली मंडळाच्या एखाद्या काटेकोर हिशेबनिसाने जमाखर्च मांडला असता तर जमेच्या बाजूला काय दिसले असते? कायद्याची एक पदवी, तीही सात वर्षांनी. अर्धवट राहिलेले वैद्यक. थोडीशी ग्रीक भाषा. आणि आकाशाकडे पाहण्याचे एक व्यसन. खर्चाच्या बाजूला मंडळाच्या खेड्यांतून आलेला सारा. हे शेवटचे कलम विसरता कामा नये. बोलोन्यातील खोलीचे भाडे असो की पादुआतील पुस्तके असोत, ते धन वार्मियाच्या शेतकऱ्यांच्या राबण्यातून निघालेले होते.

परतफेड सुरू झाली ती अगदी साध्या कामांनी. प्रथम काही वर्षे तो लिड्झबार्कच्या किल्ल्यात मामाचा वैद्य व सचिव म्हणून राहिला. मामा कडक स्वभावाचा, महत्त्वाकांक्षी आणि आजारी. तेव्हा नोकरी सोपी नसावी. ग्रीक शिकल्याची पावती म्हणून १५०९ मध्ये एका बायझन्टाइन लेखकाच्या पत्रांचा लॅटिन अनुवाद त्याने क्राकूवला छापून मामाला अर्पण केला. १५१२ मध्ये मामा वारला आणि कोपर्निकस फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलच्या आवारात मंडळाच्या कामात पुरता गुंतला.

१५१६ मध्ये मंडळाने त्याला ओल्श्टिन येथे आपल्या जमिनींचा कारभारी नेमले. मागील युद्धे, रोगराई आणि कुळांचे पलायन यांमुळे गावोगावच्या जमिनी ओसाड पडलेल्या होत्या. त्या पुन्हा लागवडीस आणणे हे कारभाऱ्याचे काम. त्याच्या हस्ताक्षरातील नोंदवही उपलब्ध आहे. अमक्या गावी अमक्या कुळाने पडीक जमीन घेतली. त्याला इतके घोडे, इतक्या गाई, इतके बैल मिळाले. पहिल्या वर्षाचा सारा माफ केला. अशा नोंदी त्याने घोड्यावरून गावे फिरून केल्या आहेत. त्याच सुमारास पृथ्वीला सूर्याभोवती फिरावयास लावणारी त्याची छोटी टिपणवही हस्तलिखित रूपाने जाणकारांत फिरत होती. १५१४ च्या क्राकूवमधील एका ग्रंथसूचीत तिचा उल्लेख आढळतो. विश्वाची फेरमांडणी करणारा माणूस दिवसा कोणत्या कुळाला किती बैल द्यावेत हे ठरवीत होता, आणि ही दोन कामे परस्परविरोधी आहेत असे त्याला वाटल्याचा पुरावा नाही.

१५१९ मध्ये पोलंड आणि ट्यूटॉनिक सरदारांचा संघ यांत युद्ध पेटले. १५२० च्या जानेवारीत फ्रॉमबोर्क गाव जळाले. कोपर्निकस पुन्हा ओल्श्टिनला कारभारी म्हणून गेला. त्याने किल्ल्यासाठी दारूगोळा मागविला आणि १५२१ च्या आरंभी झालेला हल्ला तेथील शिबंदीने परतविला.

पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोलाचे काम नाण्यांविषयीचे आहे. प्रशियात टोरुन, ग्दान्स्क, एल्ब्लाँग ही शहरे आणि ट्यूटॉनिक संघ यांच्या निरनिराळ्या टांकसाळी होत्या. प्रत्येकीला नाण्यातील चांदी थोडी कमी करून नफा काढण्याचा मोह होता. परिणामी मार्कचे मोल पिढ्यान्‌पिढ्या घसरत होते. १५१७ मध्ये कोपर्निकसने या विषयावर पहिला मसुदा लिहिला, १५२२ मध्ये ग्रुजॉन्ट्झ येथील प्रतिनिधिसभेपुढे आपले विचार मांडले आणि १५२६ च्या सुमारास ते एका प्रबंधात पूर्ण केले. त्याचे निदान आजच्या विद्यार्थ्यालाही चटकन समजेल. चांगले आणि हिणकस नाणे एकाच दर्शनी किमतीला चालू ठेवले तर सोनार व जाणते व्यापारी चांगली नाणी निवडून वितळवितात आणि बाजारात हिणकस तेवढे उरते. ज्याला धातूची पारख नाही तो सामान्य माणूस बुडतो. नाण्यांचा सुळसुळाट झाला की त्यांचे मोल उतरते आणि महागाई येते. उपाय म्हणजे टांकसाळी कमी करून एक, फार तर दोन ठेवावयाच्या, आणि नवे चांगले नाणे काढताच जुने सर्व नाणे एकदम मागे घ्यावयाचे. या विचाराला पुढे ग्रेशॅमचा नियम असे नाव पडले. पण ते नाव १८५८ मध्ये दिले गेले आणि कोपर्निकस लिहीत होता तेव्हा थॉमस ग्रेशॅम हा लहान मूल होता. कोपर्निकसच्याही आधी चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने हाच धागा पकडला होता, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे.

या शिफारशींचे पुढे काय झाले? शहरांना टांकसाळीचे उत्पन्न सोडावयाचे नव्हते. १५२८ नंतर नाण्यांची घडी काहीशी बसविण्यात आली, पण कोपर्निकसची मुख्य सूचना मागेच पडली. समितीपुढे निवेदन ठेवणाऱ्या अर्थतज्ज्ञांना हा अनुभव अपरिचित नाही. १५३१ मध्ये त्याने ओल्श्टिनसाठी धान्याच्या भावावरून पावाचे वजन ठरविण्याचे कोष्टक केले. वैद्यक तर अखेरपर्यंत चालू होते. १५४१ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, प्रशियाच्या ड्यूकच्या एका सल्लागाराला तपासण्यासाठी तो कोनिग्सबर्गपर्यंत गेला. ड्यूक आल्बर्ट म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्याच्या सैन्याशी वार्मिया लढली तोच. पदवी नसलेल्या या वैद्याला बोलावताना त्याने ते मनात आणले नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. एका कोपर्निकसवरून अभ्यासरजेचे समर्थन करणे म्हणजे सोडतीत बक्षीस मिळालेल्याकडे पाहून तिकिटे विकण्यासारखे नाही काय? हाच मामा, हीच विद्यापीठे, हीच मंडळाची उदारता आंद्रेयासलाही मिळाली. परत आल्यावर काही वर्षांत त्याला कुष्ठासारखा भीषण रोग जडला. सहकारी त्याचा सहवास टाळू लागले, उत्पन्नावरून वाद झाला, आणि तो पुन्हा इटलीकडे निघून गेला. काही वर्षांतच त्याचा अंत झाला. त्याच्या शिक्षणाचा हिशेब कोणी मांडीत नाही. इतरही कॅनन याच शर्तीवर शिकून आले आणि त्यांची नावे आज फक्त नोंदवह्यांत आहेत. आक्षेप खराच आहे. परंतु मंडळाने पैज लावली होती ती अलौकिक बुद्धीवर नव्हे. त्यांना वैद्य हवा होता, कायदा जाणणारा कारभारी हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. नाणी, पाव, कुळे, किल्ला यांचा जमाखर्च तेवढ्यावरच पुरा होतो. आकाशाचे जे झाले ते वरकड उत्पन्न होते. ते मागता येत नसते, पण त्याची वाट अडविता येते. फ्रॉमबोर्कच्या सहकाऱ्यांनी ती अडविली नाही.

त्यांच्यापैकी बहुतेकांना ते काम कळले नसावे. वर्षानुवर्षे तो लाकडी पट्ट्यांच्या साध्या यंत्रांनी, त्या ढगाळ, धुकट हवेत वेध घेत राहिला आणि प्रचंड आकडेमोड करून सहा खंडांचा ग्रंथ लिहीत राहिला. तो छापण्याची मात्र त्याला घाई नव्हती. ती घाई केली दुसऱ्या एका रजेवर आलेल्या माणसाने. विटेनबर्गचा पंचवीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक र्‍हेटिकस विद्यापीठातून रजा काढून मे १५३९ मध्ये फ्रॉमबोर्कला पोचला. विटेनबर्ग म्हणजे ल्यूथरचे गाव. आणि दोनच महिन्यांपूर्वी वार्मियाच्या बिशपने ल्यूथरपंथीयांविरुद्ध फर्मान काढलेले. तरीही कोपर्निकसने त्याला ठेवून घेतले. जो तरुण एके काळी आल्प्स ओलांडून नोवाराकडे गेला होता, त्याच्याकडे आता दुसरा तरुण पुस्तकांची भेट घेऊन आला होता. र्‍हेटिकसने १५४० मध्ये ग्दान्स्कला सिद्धान्ताची ओळख करून देणारे पुस्तक छापले, म्हाताऱ्याचे मन वळविले आणि हस्तलिखित न्यूरेम्बर्गच्या पेट्रियसच्या छापखान्यापर्यंत नेले. १५४३ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा त्याला पोप तिसरा पॉल याला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका होती. त्या अर्पणपत्रिकेत र्‍हेटिकसचे नाव नाही. शिवाय छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडरने लेखकाला न विचारता एक निनावी प्रस्तावना जोडली आणि हा सिद्धान्त म्हणजे केवळ गणिताची सोय आहे असे त्यात भासविले. तिच्याविरुद्ध बोलण्याच्या स्थितीत कोपर्निकस नव्हता. १५४२ च्या अखेरीस त्याला पक्षाघात झाला होता आणि २४ मे १५४३ रोजी, इटलीहून परतल्याला चाळीस वर्षे होत असताना, त्याचा मृत्यू झाला.

रिवाजाप्रमाणे त्याला कॅथेड्रलच्या फरसबंदीखाली पुरले, पण जागेवर नाव नव्हते. २००५ मध्ये तेथे उत्खननात एका वृद्धाची कवटी व अस्थी सापडल्या. त्यांची ओळख पटली ती स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात असलेल्या एका पंचांगग्रंथामुळे. सतराव्या शतकातील युद्धांत स्वीडिश सैन्याने वार्मियातून लुटून नेलेल्या पुस्तकांत कोपर्निकसच्या वापरातला तो ग्रंथ होता आणि त्याच्या पानांत अडकलेल्या केसांची तपासणी अस्थींशी जुळली. २२ मे २०१० रोजी त्या अस्थी फ्रॉमबोर्कला पुन्हा समारंभपूर्वक पुरण्यात आल्या. उप्सालाच्या त्याच संग्रहात त्याचे वैद्यकाचे ग्रंथही आहेत आणि त्यांच्या कोऱ्या जागांत औषधांच्या कृती त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या आहेत.